गंजाला कल्हई

पुण्याकडचा मनुष्य 'गंज' म्हणाला की त्याच्या डोळ्यांपुढे जुना खिळा, पावसात राहिलेली सायकल किंवा कचेरीतले लोखंडी कपाट येते. नागपूरकडचा मनुष्य 'गंज' म्हणाला की त्याच्या डोळ्यांपुढे वरण येते. आमच्याकडे पातेल्याला गंज म्हणतात. त्यामुळे "गंज नीट घासून घे आणि त्यातच दूध तापव" हे वाक्य सक्करदऱ्यात सुगृहिणीचे समजले जाते, आणि सदाशिव पेठेत तेच वाक्य ऐकून नवी सून माहेरी निघून जाण्याची शक्यता असते.

परंतु या दोन गंजांचे नाते तुम्हांआम्हांला वाटते त्यापेक्षा जवळचे आहे. धातू उघडा राहिला की हवा, पाणी, ताक, चिंच, झाडून सारी मंडळी त्याला खायला उठतात. म्हणून माणसाने गेली दोन हजार वर्षे धातूच्या अंगावर काही ना काही चढवण्यात घालवली. कोणी कथील चढवले, कोणी जस्त, कोणी सोने. मी बँकेतला कारकून, वाणिज्य शाखेचा पदवीधर. रसायनशास्त्राशी माझा संबंध पित्ताच्या गोळीपुरता. पण वरची चकाकी कोणती आणि आतला माल कोणता हे ओळखण्यावरच बँकेचा धंदा चालत असल्यामुळे, कल्हईवर दोन शब्द लिहिण्याचा हक्क मला आहे असे मी समजतो.

आमच्या आजीच्या राज्यात एक कायदा होता. तांब्यापितळेच्या भांड्यात आंबट ठेवायचे नाही. ठेवलेच तर भांडे कल्हईचे हवे. बिनकल्हईच्या गंजात ताक राहिले की ते 'कळकते', आणि कळकलेले ताक प्यायलेल्याची रवानगी परसाकडे होते. आजी शाळेत गेलेली नव्हती. तरी आंबटातले आम्ल तांब्याला विरघळवते आणि तांब्याचे क्षार पोटात गेले की ढवळते, हे जे शास्त्र आहे, ते तिने 'कळकणे' या एका क्रियापदात बसवले होते. तिच्या आधी सुमारे एकोणीसशे वर्षे प्लिनी नावाच्या रोमन गृहस्थाने हेच लिहून ठेवले आहे. तांब्याच्या भांड्यांना आतून कथील लावले की पदार्थाची चव सुधारते आणि विषारी हिरवी पूड धरत नाही, असे तो म्हणतो. ही युक्ती गॉल लोकांनी, म्हणजे आजच्या फ्रेंचांच्या पूर्वजांनी काढली, असेही त्याने नोंदवले आहे. फ्रेंचांचे आणि स्वयंपाकाचे सूत त्या काळापासूनचे दिसते.

आपल्याकडे अकबर बादशहाच्या मुदपाकखान्याचे नियम 'आईने-अकबरी'त अबुल फजलाने तपशीलवार दिले आहेत. त्यात कल्हईचे वेळापत्रकसुद्धा आहे. बादशहाच्या भांड्यांना महिन्यातून दोनदा कल्हई आणि शहजाद्यांच्या भांड्यांना एकदा. वाचून मला घरच्यासारखे वाटले. बँकेत आम्ही ज्याला केवायसी म्हणतो तो हाच प्रकार. जास्त जोखमीच्या खातेदाराचे कागद दर दोन वर्षांनी तपासायचे, मध्यम जोखमीच्याचे आठ वर्षांनी, कमी जोखमीच्याचे दहा वर्षांनी. बादशहाला विष घालणारे पुष्कळ, म्हणून तो जास्त जोखमीचा. शहजाद्यांना घालणारे थोडे कमी. आमच्या घराण्याला विष घालून कोणाच्याच पदरात काही पडणार नव्हते, म्हणून आमच्या भांड्यांना वर्षातून दोनदा कल्हई पुरे होई. एकदा दिवाळीच्या आधी आणि एकदा लग्नसराईत.

आमचे सक्करदरा म्हणजे नागपूरकर भोसल्यांचा वाडा, तलाव आणि बुधवारचा बाजार यांच्या आधाराने वाढलेली वस्ती. माझ्या लहानपणी, म्हणजे एकोणीसशे ऐंशीच्या दशकात, आमच्या गल्लीत कल्हईवाल्याच्या शेवटच्या शेवटच्या फेऱ्या चालल्या होत्या. "कल्लईऽऽ" अशी हाक आली की घराघरांतून गंज, गुंड, कोपर, बगुणे आणि त्यांच्यामागे आम्ही पोरे बाहेर पडत असू. तो निंबाखाली बसायचा. जमिनीत हातभर खड्डा, त्यात कोळसे, आणि शेजारी कातड्याचा भाता. त्याचा मदतनीस मोठ्या गंजात थोडी वाळू टाकून, तीवर गोणपाट पसरून, आत उभा राही आणि भिंतीला हात टेकून कंबर गरागरा फिरवी. गंज आतून घासण्याची ती रीत. पुढे सिनेमात नायकाला ट्विस्ट नाचताना पाहिले, तेव्हा हा मनुष्य एवढा नाचतो आहे पण याच्या पायाखाली गंज का नाही, असा प्रश्न मला पडला होता.

मग खरा खेळ सुरू व्हायचा. भांडे सांडशीत धरून निखाऱ्यांवर तापवायचे. तापले की त्यात नवसागराची चिमूट टाकायची. भस्सकन पांढरा धूर निघे आणि त्याच्या वासाने नाकातले केस सरळ होत. त्या धुरात काय चालले आहे हे मला फार पुढे कळले. नवसागर तापला की त्यातून अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते. ते आम्ल तांब्यावरचा काळा थर खाऊन टाकते आणि खालचे लख्ख तांबे उघडे पाडते. त्याच क्षणी कथलाची कांडी टेकवायची. तांबे वितळायला १०८५ अंश सेल्सियस लागतात. कथील बिचारे २३२ अंशांनाच पाणी होते. त्यामुळे भांडे जसेच्या तसे राहते आणि कथील त्यात लोण्यासारखे पसरते. कापसाच्या बोळ्याने ते सर्वांगाला फिरवायचे की लाल भांड्याच्या पोटात एका दमात चांदणे उतरायचे. शेवटी भांडे पाण्यात. चर्रऽऽ! हा 'चर्र' फुकट होता. आमच्यापैकी एकही पोर तो ऐकल्याशिवाय घरी जात नसे.

आता गंमत पाहा. तांब्यापितळेच्या बाबतीत आम्ही नागपूरकर अगदीच परके नाही. शहराजवळ माहुरझरीला महापाषाणयुगातल्या दफनांत घोड्याच्या डोक्यावरचे तांब्याचे अलंकार सापडले आहेत. शेजारचे भंडारा तर पितळेचे शहर म्हणूनच प्रसिद्ध झाले. भांडी होतात म्हणून भंडारा, अशी सोयीची व्युत्पत्ती सांगितली जाते. पण इसवी सन ११०० च्या सुमाराच्या रतनपूरच्या शिलालेखात 'भानारा' असे नाव आढळते, तेव्हा बारसे आधी आणि भांडी नंतर असे झालेले दिसते. तिकडे पुण्यात पेशव्यांच्या आश्रयाने कसब्यात तांबट आळी वसली. तिथले तांबट भांडे घडवून झाल्यावर त्यावर लहान हातोडीने रांगेत ठोके मारतात. त्याला मठारणे म्हणतात. मठारल्याने तांबे कडक होते आणि प्रत्येक ठोक्याचा एकेक आरसा होतो. बाहेरून काहीही न चढवता नुसत्या माराने चकाकी आणण्याची ही पद्धत आमच्या शाळेतल्या गुरुजींनाही अवगत होती.

पण कथील मात्र ना भंडाऱ्याचे, ना पुण्याचे. ते समुद्रापलीकडून यायचे. कल्हई हा शब्दच मुळी अरबी 'कलई'वरून आला. मलायाच्या किनाऱ्यावर कलाह नावाचे बंदर होते, तिथले कथील ते कलई, असे जाणकार सांगतात. म्हणजे आमच्या आजीचे ताक कळकू नये म्हणून मलायापासून सक्करदऱ्यापर्यंत व्यवस्था लागलेली होती.

कल्हईचा एक चुलतभाऊ आहे, त्याचे नाव मुलामा. तोही अरबीच. दोघेही धातूवर धातू चढवतात, पण दोघांच्या स्वभावांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कल्हई भांड्याच्या आत असते, पाहुण्याला दिसत नाही, आणि जेवणाऱ्याला वाचवते. मुलामा बाहेर असतो, पाहुण्यालाच दिसतो, आणि बहुधा घालणाऱ्याची अब्रू तेवढी वाचवतो. जुन्या काळी सोने पाऱ्यात कालवून त्याचा लेप तांब्यावर किंवा चांदीवर देत आणि भांडे तापवत. पारा उडून जाई आणि सोने चिकटून राही. उडालेला पारा जाई तो कारागिराच्या छातीत. हात कापू लागत, दात पडत. देवळाचा कळस झळाळे आणि तो झळाळवणाऱ्याला हातातला पेला धरवत नसे.

मुलाम्याने राजेही बुडाले. इंग्लंडचा आठवा हेन्री खर्चिक होता. १५४४ पासून त्याने चांदीच्या नाण्यांत तांबे वाढवत नेले आणि वर चांदीचा पातळ पापुद्रा ठेवला. नाण्यावर राजाचा चेहरा समोरून काढलेला. हाताळून हाताळून पापुद्रा झिजला तो सगळ्यांत आधी उंच भागावर, म्हणजे महाराजांच्या नाकावर. खालचे लाल तांबे दिसू लागले आणि प्रजेने राजाचे नाव ठेवले, 'तांबडनाक्या'! अर्थशास्त्राच्या पेपरात चलनाच्या अवमूल्यनावर मी दहा गुणांचे उत्तर लिहिले होते. हे नाक ठाऊक असते तर पंधरा गुणांचे लिहिले असते. आमच्या नागपुरी हिंदीत कोणाचे बिंग फुटले की 'कलई खुल गई' म्हणतात. हेन्रीची तर नाकावरच खुलली.

पुढे विजेने पाऱ्याची सुटका केली. व्होल्टाने १८०० साली विजेची बॅटरी केली आणि पाचच वर्षांत, १८०५ मध्ये, ब्रुन्यातेली नावाच्या इटालियन प्राध्यापकाने तिच्या जोरावर चांदीच्या पदकांना सोन्याचे पाणी दिले. १८४० मध्ये बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन मंडळींनी याचे पेटंट घेऊन धंदा काढला. पद्धत अशी की सोन्याचा किंवा चांदीचा क्षार पाण्यात विरघळवायचा, त्यात वस्तू टांगायची आणि वीज सोडायची. धातू निमूटपणे एकेक कण करून वस्तूवर जाऊन बसतो. मात्र त्या पाण्यात सायनाईड लागते, म्हणजे विष येथेही आहेच, फक्त वाफेतून हौदात आले. एल्किंग्टनांनंतर चांदीचे चमचे मध्यमवर्गाच्या टेबलावर आले. आत चांदी नव्हती, पण टेबलावर आलेला पाहुणा चमचा कापून पाहत नाही.

आमच्या बँकेत मात्र कापून पाहतात. सोनेतारण कर्जाच्या टेबलाशी मी काही वर्षे होतो. सराफ येऊन दागिना काळ्या दगडावर घासतो, उमटलेल्या रेघेवर आम्लाचा थेंब टाकतो. सोने असेल तर रेघ राहते आणि गिलिट असेल तर रेघ पळते. एकदा एक म्हातारी पाटल्या घेऊन आली. नातवाच्या कॉलेजची फी भरायची होती. पाटल्या नवऱ्याने लग्नानंतर पंचविसाव्या वर्षी केलेल्या, लग्नाकार्यापुरत्या घातलेल्या, अजून चकचकीत. सराफाने रेघ ओढली, थेंब टाकला, दुसऱ्यांदा ओढली, पुन्हा थेंब टाकला, आणि पाटल्यांकडे न पाहता माझ्याकडे पाहिले. अशा वेळी बोलायचे काम कारकुनाकडे येते. मी शक्य तितक्या हळू सांगितले. तिने त्या पाटल्या रुमालात गुंडाळल्या, मग पुन्हा रुमाल सोडला आणि एकेक करून हातात चढवल्या. "मग का झालं बाप्पा," ती म्हणाली, "हातात तं घालता येते नं." नवरा जाऊन अकरा वर्षे झाली होती. त्याला सराफाने फसवले, की त्याने हिला, हे आता कोणत्या दगडावर घासून पाहणार? त्या दिवशी नंतरची तीन प्रकरणे मी न बोलता केली. शिपायाने मला बरे नाही असे समजून चहा आणून दिला.

सगळीच आवरणे मात्र दिखाऊ नसतात. आमच्याकडे छपराच्या पत्र्याला 'टिन' म्हणतात. त्यावर टिन, म्हणजे कथील, औषधालाही नसते. असते ते जस्त. १८३७ मध्ये सोरेल नावाच्या फ्रेंच अभियंत्याने लोखंड वितळलेल्या जस्तात बुचकळण्याचे पेटंट घेतले. या क्रियेला नाव मात्र पडले बेडकांचे पाय विजेने हलवणाऱ्या गॅल्व्हानीचे. जस्ताचा गुण असा की पत्र्याला ओरखडा पडून लोखंड उघडे पडले तरी पाऊस आधी जस्ताला खातो आणि लोखंडाला शिवत नाही. घरातला थोरला भाऊ धाकट्यांची शिक्षणे पुरी होईपर्यंत स्वतःचे लग्न लांबवतो, त्या जातीचा हा धातू.

आणि मग कल्हईवाल्याचा काळ आला, तोही तोफेच्या नळीतून. १९१३ साली शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून पोलादात क्रोमियम मिसळून पाहत होता. त्याला असे पोलाद मिळाले की जे गंजत नाही. जर्मनीत क्रुपच्या कारखान्यातही त्याच सुमारास क्रोमियमबरोबर निकेल घातलेले पोलाद तयार झाले होते. त्यातूनच पुढे अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेलचे आपले स्वयंपाकघरातले स्टील आले. त्याची खुबी म्हणजे ते स्वतःच स्वतःला कल्हई करते. हवा लागताच क्रोमियमचा एक थर वर धरतो, डोळ्यांना न दिसण्याइतका पातळ. घासणीने खरवडला तरी क्षणात पुन्हा धरतो. निखारे नको, नवसागर नको, भाता नको आणि निंबही नको.

ज्या घरात एकेकाळी पितळेच्या गुंडावर आजीचे नाव कोरलेले होते, त्या घरात स्टीलच्या पेल्यांवर 'चि. सौ. कां.'ची नावे टोचली जाऊ लागली. भांडेवाली, पुण्या-मुंबईकडची बोहारीण, जुन्या साड्यांवर स्टीलचे डबे देऊ लागली. आमच्या आईने वडिलांची लग्नातली पँट देऊन एक गाळणी घेतली, आणि पँट मापात बसते आहे हे वडिलांना त्याच दिवशी आठवले. १९८८ पासून नाणीसुद्धा स्टेनलेस स्टीलची येऊ लागली. ताटात स्टील, खिशात स्टील. तांब्यापितळेची भांडी मोडीत निघाली.

वाणिज्याच्या भाषेत सांगायचे तर कल्हई हा महसुली खर्च, दरवर्षी करायचा. स्टील हा भांडवली खर्च, एकदाच करायचा आणि विसरायचा. हिशेबनीस म्हणून मी स्टीलच्या बाजूचा आहे. कल्हईचे फार गोडवे गाऊ नयेत. कथील महाग, शिसे स्वस्त, म्हणून काही ठिकाणी कांडीत शिसे मिसळले जाई. वर चांदणे आणि आत विष, असला मुलामाही त्या चर्रऽऽमध्ये खपून जाई. धूर कल्हईवाल्याच्याच छातीत जाई, आणि त्याच्या मुलाने तो धंदा धरला नाही याचे मला तरी दुःख नाही. पण एक गोष्ट त्या महसुली खर्चात होती. वर्षातून दोनदा घरातली सगळी भांडी अंगणात येत. प्रत्येकाच्या पोटात डोकावून पाहिले जाई. कुठे लाल दिसते आहे, कुठे पातळ झाले आहे. न झिजणारे भांडे घरात आले आणि झिजलेले पाहण्याची सवय गेली.

त्याचे प्रत्यंतर हल्ली येते. तांबे पुन्हा घरात आले आहे, पण दिवाणखान्याच्या दाराने. तांब्याच्या बाटल्या ऑफिसात येतात. नुसते पाणी ठेवले तर तक्रार नाही. पण आमच्या शाखेतला एक तरुण तीत लिंबूपाणी भरून आणू लागला आणि दुपारी रजा मागू लागला. त्याला मी 'कळकणे' हे क्रियापद शिकवले. त्याने ते मोबाईलमध्ये लिहून घेतले.

आमच्या घरी आजीचा एक तांब्याचा गंज उरला होता. सौभाग्यवतींचा विचार त्यात मनीप्लांट लावण्याचा होता. आईचा विचार त्यात कढी करण्याचा होता. या दोन विचारांच्या मध्ये उभे राहण्याचे माझे वय गेले, म्हणून मी गंज काखेत मारून बाहेर पडलो. इतवारीत विचारत विचारत एक कल्हईवाला सापडला. साठी उलटलेला. भात्याच्या जागी विजेचा पंखा आणि निंबाच्या जागी दुकानाची फरशी, पण नवसागराचा वास तोच. त्याने गंज उलटासुलटा करून पाहिला, आत बोट फिरवले आणि विचारले, "काय करता जी याच्यात? झाड लावाचं असंल तं कल्लई फुकट जाते."

"कढी," मी म्हणालो.

त्याने पैसे सांगितले आणि कोळसे पेटवले. चर्रऽऽ झाल्यावर मी विचारले, पुन्हा केव्हा आणू? मला वाटले, तो सहा महिने म्हणेल, वर्ष म्हणेल, बँकेसारखी एखादी तारीख देईल.

"तारीख कायची जी," तो म्हणाला. "आतून तांबडं दिसलं का आनजा. पाहात जा फक्त."